नाण्याचें कुळ

आपल्या भाषेंत पैशाच्या पारखीचे शब्द इतके मुरलेले आहेत कीं, ते वापरतांना त्यांचें मूळ सहसा आपल्या ध्यानांत येत नाहीं. भरंवशाच्या मनुष्यास आपण खणखणीत नाणें म्हणतों, कोणाच्या कीर्तीस कमीपणा आला म्हणजे तिला बट्टा लागला असें म्हणतों, आणि कोणतीहि गोष्ट स्वीकारण्यापूर्वीं ती वाजवून घ्यावी असा मुलांस उपदेश करतों. पेशवाईंत एका टांकसाळीचा रुपया दुसऱ्या मुलुखांत चालवावयाचा झाला, म्हणजे सराफ त्याच्या मोलांतून जो कांहीं अंश कापून घेई तो बट्टा. अंकुशी, चांदवडी अशा नाना प्रकारच्या रुपयांच्या गर्दींत चोख कोणता व हिणकस कोणता हें पाहण्यासाठीं पोतदार नांवाचा अधिकारी असे. त्याच्या हुद्द्याचें पुढें आडनांव झालें. तात्पर्य, नाणें पारखून घेण्याची विद्या आपल्याकडे नवी नाहीं.

ह्या विद्येचा प्रसंग मात्र पालटला आहे. पूर्वीं खोटें नाणें पाडणारा मनुष्य चांदींत तांबें किंवा जस्त मिसळून तें चालू नाण्याच्या भावानें खपवीत असे. म्हणून धातूचा कस पाहिला कीं काम भागत असे. आज जुन्या नाण्यांचा संग्रह करणारे पुष्कळ झाले आहेत, आणि एखाद्या दुर्मिळ नाण्यास त्यांतील धातूच्या किंमतीच्या शंभरपटहि मोल येतें. तेव्हां नक्कल करणारास धातूंत चोरी करण्याचें कारणच उरलेलें नाहीं. सोन्याच्या नाण्यास तो चोख सोनें वापरतो आणि आपली कमाई दुर्मिळपणाच्या नांवावर करतो. सराफाची कसोटी असें नाणें सोन्याचें आहे एवढें खरें सांगते, आणि तेवढ्यानें घेणारा निश्चिंत होतो. गेलीं तीस वर्षें मी हा छंद बाळगून आहें. ह्या काळांत स्नेह्यांनीं व नातलगांनीं दाखवावयास आणलेलीं नाणीं पाहतां पाहतां जें ध्यानांत आलें, तें येथें सांगावयाचें आहे. दसऱ्या-दिवाळीस घरोघर जुनीं नाणीं बाहेर निघतात, आणि घरांतील एखादा हौशी मनुष्य बाजारांतून आणखी एक घेऊन येतो. अशा घरांस ह्याचा उपयोग व्हावा.

प्रथम अशा नाण्यांविषयीं बोलूं कीं, ज्यांचें मूळ कधीं अस्तित्वांतच नव्हतें. एका बाजूस रामपंचायतन किंवा मारुती, दुसऱ्या बाजूस ईस्ट इंडिया कंपनीचें नांव, 'यू. के. एल. वन अण्णा' अशीं अक्षरें आणि १८१८ हें साल, असें एक तांब्याचें जाड नाणें आपल्यापैकीं अनेकांनीं पाहिलें असेल. तें फार मोलाचें असून त्यांत कांहीं गूढ शक्ति आहे, असेंहि सांगितलें जातें. कंपनीच्या मद्रास इलाख्यांतील होनांवर देवतांच्या आकृति होत्या, ही गोष्ट खरी. त्यामुळें ही थाप अर्धीअधिक पटते. परंतु कंपनीनें साऱ्या मुलुखाकरितां एकाच घडणीचीं नाणीं पाडण्यास आरंभ केला तो १८३५ सालीं, आणि एक आण्याचें स्वतंत्र नाणें निघालें तें १९०७ सालीं, कंपनी जाऊन अर्धें शतक लोटल्यावर. मग १८१८ चा एक आणा यावा कोठून? अशा तुकड्यास भिंग लावण्याचेंहि कारण नाहीं; इतिहासाचीं दोन सालें ठाऊक असलीं म्हणजे पुरे. हल्लीं तर दूरध्वनीवरून "तुमच्या जुन्या नाण्यास आम्ही लाखों रुपये देतों, आधीं अमुक शुल्क भरा" असें सांगणारे भेटतात, आणि रिझर्व्ह बँकेचें नांव पुढें करतात. अशा व्यवहारांशीं आपला संबंध नाहीं व त्यासाठीं शुल्क घेण्याचा अधिकार आपण कोणासहि दिलेला नाहीं, असें त्या बँकेनें ऑगस्ट २०२१ मध्यें जाहीर केलें आहे.

दुसरा प्रकार ह्याच्या अगदीं उलट आहे. त्यांत नाणें खरें असतें, पण त्याच्याविषयीं सांगितलेली गोष्ट खोटी असते. आपली शिवराईच घ्या. एका अंगास तीन ओळींत 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या अंगास दोन ओळींत 'छत्र पति' अशीं अक्षरें असलेला हा तांब्याचा पैसा शिवाजीमहाराजांच्या काळापासून पेशवाईअखेरपर्यंत, आणि त्यानंतरहि कांहीं काळ पाडला जात होता. अक्षरांचें वळण, ऱ्हस्वदीर्घ, कडेच्या ठिपक्यांची माळ, ह्यांत पिढ्यान् पिढ्या फरक पडत गेला. ज्या शिवराईवर ओळींच्या मध्यें दोन रेघा असतात, तिला दुदांडी म्हणतात. ती उतरत्या काळची असून विपुल मिळते. ती दुदांडी हातावर ठेवून "महाराजांच्या राज्याभिषेकाची आठवण" असें कोणी म्हटलें, तर नाण्यास बोल लावतां येत नाहीं. बोल लावावयाचा तो बोलणारास. पुतळ्यांच्या माळेचीहि गोष्ट अशीच. व्हेनिस शहराचें डुकाट नांवाचें सोन्याचें नाणें व्यापाराबरोबर आपल्याकडे आलें, त्यावरील माणसांच्या आकृतींवरून आपण त्यास पुतळी म्हटलें, आणि मग आपल्याच सोनारांनीं माळेंत ओंवण्यासाठीं तशा पुतळ्या घडविल्या. त्यांवरचीं रोमन अक्षरें सोनारास वाचतां येत नव्हतीं, म्हणून तीं नुसतीं नक्षी होऊन बसलीं. आजीच्या गळ्यांत ती पुतळी खरीच होती. तीच दुकानांत येऊन "व्हेनिसचें प्राचीन नाणें" म्हणून विकली जाते, तेव्हां खोटी होते.

तिसरा प्रकार सालांत फेरफार केलेल्या नाण्यांचा. सहाव्या जॉर्ज राजाचा १९३८ चा चांदीचा रुपया मुबलक सांपडतो, आणि १९३९ चा अत्यंत दुर्मिळ आहे. तेव्हां आठाच्या खालच्या वळशाचा कांहीं भाग खरवडून त्याचा नऊ करण्याचा मोह होणें साहजिक आहे. असा रुपया पाहतांना दहापट मोठें दाखविणारें भिंग घ्यावें आणि शेवटच्या आंकड्याभोंवतींची जमीन उजेडांत तिरपी धरून पाहावी. मूळ नाण्यावर ती जमीन सर्वत्र सारखी असते. फेरफार केलेल्या ठिकाणीं ती किंचित खोल, खरवडल्यासारखी, किंवा उलट जास्तच गुळगुळीत दिसते. ह्याहून गमतीचें उदाहरण पांचव्या जॉर्जच्या १९११ च्या रुपयाचें. त्यावर राजाच्या झग्यावरील मानचिन्हाच्या माळेंत एक हत्ती होता. पण त्याची सोंड इतकी आंखूड आली होती कीं, लोकांस तो डुक्कर वाटला आणि गहजब झाला. सुमारे ९४ लक्ष रुपये पाडले होते. त्यांपैकीं सुमारे ७ लक्ष बाहेर गेले, बाकीचे सरकारनें वितळविले, आणि १९१२ पासून हत्तीची आकृति सुधारली. आतां १९१२ चा शेवटचा आंकडा बदलून कोणी १९११ केला, तर साल बदलेल, पण झग्यावरचा हत्ती १९१२ चाच राहील. म्हणून ह्या रुपयाचें साल शेवटीं पाहावें आणि हत्ती आधीं पाहावा.

चौथा प्रकार सर्वांत अवघड, आणि तो म्हणजे सबंध नक्कल. ती दोन तऱ्हांनीं होते. खऱ्या नाण्याचा सांचा घेऊन त्यांत धातु ओतली तर ओतीव नक्कल होते. थंड होतांना धातु आकसते, म्हणून ओतीव नाणें मुळापेक्षां अंमळ लहान भरतें. पृष्ठभागावर बुडबुड्यांचीं बारीक छिद्रें राहतात, अक्षरांच्या कडा वापरलेल्या साबणाच्या वडीप्रमाणें बोथट दिसतात, आणि सांच्याच्या दोन अर्ध्यांचा सांधा कडेवर रेघ उमटवितो. ती रेघ कानशीनें घांसून काढली, तर कानशीचे ओरखडे राहतात. म्हणून नाण्याची कड पाहिल्यावांचून कधीं नाणें घेऊं नये. दुसरी तऱ्हा नवा ठसा कोरून नाणें पाडण्याची. ह्यांत छिद्रें नसतात, सांधा नसतो. तेथें ठशाची अक्षरें खऱ्या नाण्यांच्या छापील चित्रांशीं एकेक करून ताडून पाहावीं लागतात. कारण कोरणाराचा हात जुन्या कारागिराचा नसतो आणि एखाद्या वेलांटीच्या वळणांत तो आपली ओळख ठेवून जातो.

ह्या सर्वांत धातूची परीक्षा व्यर्थ आहे असें मात्र कोणीं समजूं नये. तिनें खरेपणा सिद्ध होत नाहीं, पण ढोबळ खोटेपणा लगेच उघडा पडतो, आणि ती घरच्या घरीं करतां येते. १८३५ पासून १९३९ पर्यंतचा चांदीचा रुपया म्हणजे बरोबर एक तोळा, ११.६६ ग्रॅम, जुने दुकानदार त्याचेंच वजन करीत. झिजून तो थोडा हलका होईल, जड कधींच होणार नाहीं. त्यांत बारा भागांत अकरा भाग चांदी असे. १९४० पासून ती निम्म्यावर आली. आतां शतांश ग्रॅम दाखविणारा लहान विजेचा तराजू घ्यावा. रुपया प्रथम कोरडा तोलावा, मग पाण्यानें भरलेला पेला तराजूवर ठेवून आंकडा शून्यावर आणावा, आणि रुपया दोऱ्यानें बांधून बुडाला न टेकतां पाण्यांत लोंबता धरावा. तराजू जो आंकडा दाखवील, त्यानें कोरड्या वजनास भागावें. चोख रुपयाचा भागाकार १०.३ च्या आसपास येतो. पितळेवर चांदीचा मुलामा असल्यास तो साडेआठाजवळ येईल. शाळेंत जाणाऱ्या मुलांस हा प्रयोग करावयास द्यावा. त्यांना आर्किमिडीज समजेल आणि घरांतील रुपयेहि तपासून होतील. चुंबकाचेंहि सहाय्य घ्यावें. सोनें, चांदी, तांबें ह्यांस चुंबक ओढीत नाहीं. मात्र १९४७ चा रुपया शुद्ध निकेलचा असल्यानें चुंबकास चिकटतो, आणि तो तसा न चिकटला तरच संशय घ्यावा. नाणें वाजवून पाहण्याची जुनी रीत तेवढी सोडून द्यावी. तडा गेलेलें खरें नाणेंहि बद्द वाजतें, आणि फरशीवर आपटल्यानें चांगल्या नाण्याची कड मात्र कायमची बिघडते.

जुनेपणाचा रंग चढविणें ही ह्या धंद्याची अखेरची कला. नवें नाणें रसायनांत बुडवून काळें करतात, मातींत पुरतात, तेलकट धूळ चोळतात. शंभर वर्षें हातांतून फिरलेल्या नाण्याचे उंचवटे झिजून उजळ झालेले असतात आणि खांचांत काळोख सांचलेला असतो. मुद्दाम चढविलेला रंग उंचावर आणि खांचांत सारखाच बसतो. जर्मनींत कार्ल विल्हेल्म बेकर (१७७२–१८३०) नांवाचा गृहस्थ प्राचीन ग्रीक व रोमन नाण्यांचे ठसे कोरण्यांत इतका निष्णात होता कीं, त्याचे ठसे पुढें बर्लिनच्या संग्रहालयानें जपून ठेवले. आपलीं नवीं नाणीं तो लोखंडाच्या किसाबरोबर पेटींत घाली, ती पेटी घोड्याच्या गाडीस बांधी आणि खडबडीत रस्त्यानें फेरफटका करून येई, असें त्याच्याविषयीं सांगतात. दोन हजार वर्षांची झीज त्यास एका दुपारींत मिळे.

हें सारें ठाऊक असूनहि मनुष्य फसतो तो गोष्टीमुळें. आमच्या धाकट्या काकांच्या घरीं घडलेला प्रसंग सांगतों. काका सेवानिवृत्त झाल्यावर त्यांनीं नातीच्या शिक्षणासाठीं कांहीं रक्कम बाजूस काढली होती. एका व्यापाऱ्यानें त्यांस शिवाजीमहाराजांचा सोन्याचा होन दाखविला. असे होन आज जगांत फारच थोडे ज्ञात आहेत. काकांना इतिहासाचें वेड, आणि त्यांनीं विचार केला कीं, रक्कम बँकेंत ठेवण्यापेक्षां असा ठेवा घरांत असावा; नात मोठी होईपर्यंत त्याचें मोल वाढेलच. त्यांनीं रकमेंतला मोठा भाग देऊन होन घेतला. घरच्या सोनारानें कस लावून सोनें उत्तम म्हणून सांगितलें. वजनहि होनास साजेसें, २.८ ग्रॅम भरलें. दसऱ्यास तो देव्हाऱ्यांत ठेवावयाचा होता; त्याआधीं त्यांनीं तो मजकडे पाहावयास दिला.

काकू तेथेंच वाती वळीत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, नातीला स्थळ पाहाल तेव्हां कुळ विचाराल, गांव विचाराल. ह्या होनाचें कुळ विचारलेंत का? ह्यापूर्वीं तो कोणाच्या घरीं होता?"

काका म्हणाले, "मावळांतल्या एका शेतकऱ्याला नांगरतांना सांपडला, असें तो व्यापारी म्हणाला."

काकूंचा प्रश्न हा ह्या विद्येंतला मुख्य प्रश्न आहे, असें मी मानतों. नाण्याचे बारीक दोष तज्ज्ञास दिसतील. पण तें पूर्वीं कोणाच्या संग्रहांत होतें, कोणत्या लिलांवांत विकलें गेलें, कोणत्या ग्रंथांत त्याचें चित्र छापलें आहे, हें विचारण्यास तज्ज्ञ असावें लागत नाहीं. आणि "नांगरतांना सांपडलें" हें उत्तर तर सर्वांत वाईट. १८७८ च्या निधिविषयक कायद्याप्रमाणें जमिनींत पुरलेलें, दहा रुपयांहून अधिक मोलाचें धन सांपडल्यास तें कलेक्टरास कळवावें लागतें. तेव्हां ती गोष्ट खरी असेल, तर मधल्या कोणी तरी कायदा मोडला आहे. आणि खोटी असेल, तर नाणेंहि बहुधा तसेंच. दोन्हीं पक्षीं तें घेण्यासारखें नाहीं.

मला भिंगाखालीं एका अक्षराशेजारीं एक लहान खळगा दिसला. एवढ्यावरून निर्णय देणें योग्य नव्हे. पुढें दोन महिन्यांनीं पुण्यांतल्या एका नाणेप्रदर्शनांत दुसऱ्या एका विक्रेत्याच्या पेटींत तसाच होन दिसला. त्या अक्षराशेजारीं तोच खळगा, आणि कडेवर त्याच जागीं तीच चीर. येथें एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. एकाच ठशानें पाडलेल्या दोन नाण्यांवर ठशाचे दोष सारखे उतरतात. परंतु त्या काळीं सोन्याचा प्रत्येक तुकडा हातानें कापलेला, हातोड्यानें ठोकलेला. तेव्हां कडेची चीर, खरचटा, आकाराचा वांकडेपणा हे प्रत्येक नाण्याचे स्वतःचे असतात. दोन माणसांच्या अंगावर जन्माचा तीळ एकाच ठिकाणीं असूं शकेल. पडून लागलेली खूण एकाच ठिकाणीं, एकाच लांबीची असणार नाहीं. ते दोन्ही होन एकाच नमुन्यावरून काढलेले होते.

काकांना तें सांगणें मला जड गेलें. ते व मी त्या व्यापाऱ्याकडे गेलों. पावती होतीच, पण तिच्यावर "जुन्या घडणीचा सोन्याचा नग एक, वजन २.८ ग्रॅम" एवढाच मजकूर होता. शिवाजीमहाराजांचें नांव नव्हतें, राज्याभिषेकाचें नव्हतें, होन हा शब्दहि नव्हता. "मीं ऐकलेली गोष्ट सांगितली," तो शांतपणें म्हणाला, "ती तुम्हांला आवडली, तुम्ही नग घेतला. हवा असल्यास सोन्याच्या भावानें परत घेतों."

जे कांहीं नियम मी सांगूं इच्छितों, ते ह्याच ठिकाणीं सांगतों. सगळे विक्रेते असे नसतात. पुष्कळ जण स्वतः अभ्यासू असतात आणि शंका आल्यास नाणें विनातक्रार परत घेतात. त्यांची ओळख म्हणजे ते जें तोंडानें सांगतात तेंच पावतीवर लिहितात. राजा, टांकसाळ, साल, धातु, वजन, आणि नाणें अस्सल न ठरल्यास पुरी रक्कम परत करण्याचें वचन, एवढें पावतीवर असावें. शंभर वर्षांहून जुनीं नाणीं १९७२ च्या पुरावस्तुविषयक कायद्याखालीं येतात. त्यांचा व्यापार करणारास परवाना लागतो, आणि तीं खाजगी रीतीनें परदेशीं पाठवितां येत नाहींत. परवाना दाखवा म्हटल्यानें प्रामाणिक माणसास राग येत नाहीं. "आज संध्याकाळीं दुसरें गिऱ्हाईक येणार आहे" असें जो म्हणेल, त्यास तें गिऱ्हाईक लखलाभ होवो म्हणावें आणि उठावें. सीलबंद पारदर्शक डबींत नाणें घालून त्यावर प्रतीचा आंकडा छापण्याची नवी पद्धत आली आहे. ती उपयुक्त आहे. पण डब्यांच्याहि नकला होतात, म्हणून डबीवरचा क्रमांक ती देणाऱ्या संस्थेकडून पडताळून घ्यावा. आणि ज्या जातीचीं चार खरीं नाणीं आपण हातांत घेऊन पाहिलीं नाहींत, त्या जातीचें महाग नाणें विकत घेऊं नये. नाशिकजवळ अंजनेरी येथें नाणकशास्त्राची संशोधनसंस्था व तिचें संग्रहालय आहे. मोठ्या शहरांतील संग्रहालयांतहि नाण्यांचीं दालनें असतात. घरांतील मंडळींनीं सहल म्हणून तेथें जावें. डोळा तयार होतो तो खरें पाहून.

आम्ही परत आल्यावर घरांत खल झाला. माझा चुलतभाऊ म्हणाला, "सोनें तर खरें आहे. ज्या गोष्टीवर बाबांनीं विश्वास ठेवला, तिच्यावर दुसरा कोणी ठेवील. आपण खोटें बोलावयाचें नाहीं. नुसतें गप्प राहावयाचें." त्याच्या बोलण्यांत लबाडीपेक्षां काळजी अधिक होती, मुलगी त्याची होती.

काका बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, "मी ज्या घरीं हा देईन, त्या घरींहि कोणाची तरी नात शिकत असेल." आणि व्यापाऱ्यास सोन्याच्या भावानें परत देण्यासहि त्यांनीं नकार दिला, कारण तो पुन्हां त्याच पेटींत जाऊन बसला असता.

मला त्यांचें म्हणणें आणखी एका कारणानें पटलें. खोटें नाणें केवळ घेणाराचे पैसे नेत नाहीं. आपल्या प्रांताचा प्राचीन इतिहास मोठ्या अंशानें नाण्यांच्या साक्षीवर उभा आहे. १९०६ सालीं नाशिक जिल्ह्यांत जोगलटेंभी येथें क्षत्रप राजा नहपानाचीं सुमारे १३,२५० चांदीचीं नाणीं सांपडलीं. त्यांपैकीं नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला ठसा पुन्हां मारलेला होता. नहपानाचा चेहरा खालीं अर्धवट दिसतो, आणि त्याच्यावर सातवाहनांचें चिन्ह. सातवाहनांनीं क्षत्रपांकडून हा मुलूख परत घेतला, ही गोष्ट इतक्या ठसठशीतपणें सांगणारी दुसरी साक्ष नाहीं. अशा साक्षीदारांच्या रांगेंत कोणी शिकवून आणलेला साक्षीदार उभा केला, तर बाधा केवळ एका संग्राहकास होत नाहीं. उद्यां त्या खोट्या होनाचें चित्र एखाद्या ग्रंथांत छापलें जाईल, त्याच्या अक्षरांवरून कोणी लेख लिहील, आणि खऱ्या होनांवरहि शंका घेतली जाईल. ज्या राजानें फारसीऐवजीं नागरी अक्षरांत आपलें नांव नाण्यावर उमटविलें, त्याच्या नाण्याविषयीं तरी असें घडूं नये.

माझी इच्छा होती कीं, तो होन 'नक्कल' अशी खूण करून अभ्यासासाठीं ठेवावा. काका म्हणाले, "आपल्यामागें चिठ्ठी हरवेल आणि होन राहील." ह्यावर मला उत्तर नव्हतें. तेव्हां आम्हीं दोन्ही अंगांचीं आणि कडेचीं मोठीं छायाचित्रें घेतलीं, वजन व माप लिहून ठेवलें, आणि तीं माझ्या ओळखीच्या संग्राहकांस पाठविलीं, म्हणजे तिसरा भाऊ कोठें निघाला तर ओळखूं यावा. त्यानंतर काकांनीं घरच्या सोनाराकडे बसून डोळ्यांदेखत तो होन आटविला आणि त्या सोन्याचीं नातीसाठीं कानांतलीं फुलें करविलीं. गेलेली रक्कम भरून येण्यास घराला दोन वर्षें ओढ काढावी लागली. काकूंनीं त्यांची नेहमींची यात्रा दोनदां पुढें ढकलली. नात शिकली. तीं फुलें तिच्या कानांत आहेत, आणि त्यांच्या खरेपणाविषयीं कोणास शंका घेण्याचें कारण नाहीं.

आतां वाचकांस एकच विनंती. आपल्या घरांत आजोबा-पणजोबांपासून चालत आलेलीं नाणीं असतील, तर तीं चिंच, राख किंवा रांगोळी लावून घांसूं नका. पूजेच्या दिवशीं गंधफूल वाहावें आणि कोरड्या मऊ कापडानें टिपून ठेवावें, एवढें पुरे. त्यांवरचा काळसर थर हा त्यांच्या वयाचा दाखला आहे. प्रत्येक नाणें वेगळ्या कागदी पाकिटांत घाला, आणि तें कोणाकडून, केव्हां, कोणत्या निमित्तानें घरांत आलें, हें घरांतील वडील माणसांस विचारून त्यावर लिहून ठेवा. वडील मंडळी आहेत तोंवरच हें विचारतां येतें. पुढें कधीं कोणी तें नाणें हातांत घेऊन काकूंसारखा प्रश्न विचारील, तेव्हां त्याचें उत्तर त्या पाकिटावर असावें.